शंभर किलोमीटरच्या आधी

वाचकाचं पत्र, थोडक्यात: नाशिकच्या एक वाचक लिहितात. वय 42, सरकारी कार्यालयात नोकरी, घरी नवरा, सासूबाई आणि दहावीतली मुलगी. छत्तिशीत त्यांनी चालायला सुरुवात केली आणि चालता चालता पळायला लागल्या. दहा किलोमीटर झाले, हाफ मॅरेथॉन झाली, मग दोन पूर्ण मॅरेथॉन. गेल्या हिवाळ्यात सह्याद्रीतल्या एका 50 किलोमीटरच्या ट्रेल शर्यतीत 38व्या किलोमीटरच्या एड स्टेशनवर, म्हणजे खाण्या-पिण्याच्या आणि मदतीच्या थांब्यावर, डॉक्टरांनी त्यांना थांबवलं. उलट्या होत होत्या, डोकं जड झालं होतं, बोटं सुजून अंगठी रुतली होती आणि ‘आज वार कोणता’ या प्रश्नाचं उत्तर त्यांना चटकन देता आलं नाही. तोवर ‘तहान लागायच्या आधी प्यायचं’ हा सल्ला मानून त्या प्रत्येक थांब्यावर भरपूर पाणी प्यायल्या होत्या, आणि गुडघ्यासाठी दोन वेदनाशामक गोळ्याही घेतल्या होत्या. रनिंग ग्रुपमध्ये सगळे म्हणतात, ‘लिमिट मनात असतं. मन थांब म्हणतं तेव्हा शरीर चाळीस टक्केच वापरलेलं असतं.’ तेव्हापासून त्यांना शरम वाटते आहे. आता डिसेंबरमध्ये थेट 100 किलोमीटरसाठी नाव नोंदवलं आहे, पण घरी सांगितलेलं नाही. नवरा अधूनमधून विचारतो, ‘हे सगळं कशासाठी?’ वजन उतरवायला त्यांनी रात्रीचं जेवण सोडलं आहे. चार महिने पाळी आलेली नाही; वयामुळे असेल, असं त्यांना वाटतं. डाव्या नडगीत एका जागी दुखतं, पण ‘पळताना विसरायला होतं’. त्यांचा प्रश्न एकच आहे: मन खंबीर कसं करू?

प्रिय ताई,

तुम्ही प्रश्न विचारलात मनाबद्दल आणि पत्रात लिहिलंत बरंचसं शरीराबद्दल. सुजलेली बोटं, चुकलेली पाळी, नडगीतली ती एक जागा. तुम्ही हे न विचारता लिहिलंत, म्हणजे कुठेतरी ते तुम्हालाही खुपतं आहे. म्हणून मी सुरुवात तिथून करते. मनाकडे नंतर येऊ, कारण त्याला थोडा वेळ आहे. शरीराला नाही.

आधी नडगी. पळणाऱ्यांच्या नडग्या दुखतात हे खरं, पण सगळं दुखणं एकसारखं नसतं. हाडाच्या आतल्या कडेने वीतभर पसरलेलं, पळायला लागल्यावर थोडं सैल होणारं दुखणं बहुतेक वेळा विश्रांतीने आणि सराव कमी करून आटोक्यात येतं. पण एका बोटाने नेमकी जागा दाखवता येत असेल, तिथे दाबलं की कळ येत असेल, बसल्या जागी किंवा रात्री ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा जात असल्याची शंका घ्यावी लागते. स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात ते हेच. सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रेमध्ये ते पुष्कळदा दिसतच नाही. त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल आला’ म्हणून दुसऱ्या दिवशी पळायला जाऊ नका. अस्थिरोगतज्ज्ञाला विचारा, एमआरआयची गरज आहे का ते. तोपर्यंत पळणं बंद. कमी नाही, बंद. सायकल किंवा पोहणं चालेल का हेही त्यांनाच विचारा.

आता पाळी. चाळिशीत ती पुढे-मागे होते, हे तुमचं म्हणणं खोटं नाही. थायरॉइड असू शकतं, गरोदरपणही तपासून बाजूला ठेवावं लागतं. पण तुमच्या पत्रात ती एकटी येत नाही. रात्रीचं जेवण सुटलं, वजन उतरलं, पळणं वाढलं, पाळी थांबली आणि हाड दुखायला लागलं. पळण्यात खर्च झालेली ऊर्जा वजा जाता जगण्यापुरती ऊर्जा शिल्लक राहिली नाही, की शरीर खर्चाला कात्री लावतं, आणि पहिल्या कात्रीत बऱ्याचदा पाळी जाते. इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी झालं की हाडांची रोजची झीज नीट भरून निघत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 साली या अवस्थेला ‘रिलेटिव्ह एनर्जी डेफिशियन्सी इन स्पोर्ट’ असं नाव दिलं. पुरुषांनाही ती होते, फक्त त्यांच्याकडे पाळीसारखी उघड खूण नसते. तुम्हाला हेच झालं आहे, असं मी इथे बसून सांगू शकत नाही. पण हे नाही, असं कुणीतरी तपासून सांगेपर्यंत ‘वयामुळे असेल’ या वाक्यावर तुम्ही विसंबू नये, एवढं नक्की सांगते.

याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड, ड जीवनसत्त्व या तपासण्यांबद्दल विचारा. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, खाली गेलेला असू शकतो. पळणाऱ्या बायकांमध्ये हे वारंवार दिसतं. आणि आठवड्याला किती किलोमीटर पळता, हे आपणहून सांगा. चाळिशी ओलांडलेल्या बाईला हा प्रश्न डॉक्टर सहसा विचारत नाहीत. रात्रीचं जेवण मात्र तपासण्यांची वाट न बघता आजपासून सुरू करा. वरण-भात, भाकरी, उसळ, दही, चालत असेल तर अंडी. वजन उतरलं की वेग वाढतो, हे काही मर्यादेपर्यंत खरं असेलही. ती मर्यादा तुम्ही मागे टाकली आहे, असं मला वाटतं.

आता त्या 38व्या किलोमीटरकडे येऊ, कारण तुमची सगळी शरम तिथे गोळा झाली आहे.

तुम्ही लिहिता, ‘मी तिथे हरले.’ जे घडलं ते मी वेगळं वाचते. दक्षिण आफ्रिकेत दरबान आणि पीटरमारित्झबर्ग या शहरांदरम्यान 1921 पासून कॉम्रेड्स मॅरेथॉन होते. अंतर सुमारे 90 किलोमीटर, वेळ बारा तास. आपल्या मुंबई-पुण्याहूनही पुष्कळ जण तिकडे जातात. 1981 च्या शर्यतीत एक महिला धावपटू सत्तर किलोमीटरच्या आसपास भ्रमिष्टासारखी झाली. पाणी कमी पडलं असेल असं समजून तिला आणखी द्रव दिला गेला आणि ती बेशुद्ध पडली. ती वाचली. पण तपासणीत आढळलं ते उलटंच: पाणी कमी नव्हतं, जास्त झालं होतं. रक्तातलं सोडियम इतकं पातळ झालं होतं की मेंदूला सूज आली होती. तिथले डॉक्टर टिम नोक्स यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 साली अशा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. पुढे 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये अंतिम रेषेवर 488 धावपटूंचं रक्त तपासलं गेलं. त्यातल्या 13 टक्के जणांचं सोडियम सामान्य पातळीखाली गेलेलं होतं. हा अभ्यास 2005 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. धोका कुणाला जास्त होता? शर्यतीत ज्यांचं वजन घटण्याऐवजी वाढलं त्यांना, आणि ज्यांना चार तासांहून जास्त लागले त्यांना. म्हणजे रस्त्यावर जास्त वेळ राहणाऱ्या, प्रत्येक टेबलापाशी थांबून आज्ञाधारकपणे पिणाऱ्या तुमच्या-आमच्यासारख्या माणसांना.

मळमळ, उलट्या, डोकं जड, सुजलेली बोटं, साध्या प्रश्नाला अडखळणं. ही लक्षणं रक्तातलं सोडियम पातळ झाल्याच्या लक्षणांशी जुळतात. वेदनाशामक गोळ्यांनी त्यात भर पडू शकते, कारण आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात आणि जादा पाणी बाहेर टाकणं त्याला अवघड जातं. तासन्‌तास उन्हात, चढावर, स्नायू झिजत असताना मूत्रपिंडावर आधीच ताण असतो. त्यात या गोळ्या घेणं म्हणजे नको तिथे नको तो भार टाकणं. त्या दिवशी तुमचं सोडियम मोजलं गेलं नसेल तर नेमकं काय झालं ते आता कळणार नाही. पण त्या डॉक्टरांनी वार विचारला तो उगाच नाही. मेंदू ठीक चालतो आहे का, हे डोंगरात तपासायची सगळ्यात साधी रीत तीच. त्यांनी तुमचा बिब, म्हणजे छातीवरचा स्पर्धक क्रमांक, काढला नसता, ‘अजून बाराच किलोमीटर राहिलेत’ म्हणत तुम्ही पुढे गेला असतात आणि वाटेत कुणी प्रेमाने आणखी दोन ग्लास पाणी पाजलं असतं, तर आज हे पत्र कुणी लिहिलं असतं?

पुढच्या वेळेसाठी नियम साधा आहे: तहान लागली की प्या, नाही लागली तर पिऊ नका. मीठ खा, पण ‘मीठ खाल्लंय, आता हवं तेवढं पिते’ असं करू नका, कारण जादा पाण्यापुढे मीठ पुरं पडत नाही. सरावाच्या लांब पल्ल्याआधी आणि नंतर वजन करा. थोडं घटणं स्वाभाविक आहे, पण वाढलेलं असेल तर गरजेपेक्षा जास्त पिताय. वेदनाशामक गोळ्या शर्यतीच्या पिशवीतून कायमच्या काढून टाका. गोळीशिवाय गुडघा पळू देत नसेल, तर त्या दिवशी पळायचं नाही.

आता मन.

‘लिमिट मनात असतं’ हे वाक्य पूर्ण चूक नाही, आणि म्हणूनच ते इतकं पसरलं. याच टिम नोक्स यांनी पुढे असा सिद्धांत मांडला की थकवा हा नुसता स्नायूंचा मामला नाही. शरीराला इजा होण्याआधीच मेंदू वेग कमी करायला लावतो, काहीतरी राखून ठेवतो. शेवटचं वळण दिसलं की दमलेला माणूसही जोरात पळतो, त्याचं हे स्पष्टीकरण. या सिद्धांतावर शास्त्रज्ञांमध्ये आजही वाद आहे. पण तो बरोबर धरला तरी त्यातून काय निघतं? मेंदू जे राखून ठेवतो ते तुमच्या जिवासाठी राखून ठेवतो. प्रशिक्षित माणूस त्यातला थोडा वाटा वापरायला शिकतो, हे खरं. पण मेंदू आपल्याला फसवतो आहे, असा अर्थ ग्रुपवरच्या संदेशांत त्याला चिकटला. आणि तो ‘चाळीस टक्के’चा आकडा कुठल्याही प्रयोगशाळेत मोजलेला नाही. हुरूप यावा म्हणून सांगितलेली ती गोष्ट आहे. पोस्टरवर शोभते. नडगीत तडा असलेल्या बाईने ती औषधासारखी घेऊ नये.

22 मे 2021 ला चीनच्या गान्सू प्रांतात डोंगरातल्या 100 किलोमीटरच्या शर्यतीत अचानक गारठा, पाऊस आणि वादळी वारा आला. 172 स्पर्धकांपैकी 21 जण दगावले. त्यात मॅरेथॉनहून लांब अंतरं पळणारा चीनमधला अव्वल धावपटू लियांग जिंग होता, पुढच्या फळीत पळणारे आणखीही काही होते. त्यांची मनं दुबळी होती असं कोण म्हणेल? पुढे असल्याने ते सगळ्यात उघड्या, सगळ्यात उंच जागी सापडले. गरम जॅकेट जवळ असलंच पाहिजे, अशी सक्ती त्या शर्यतीत नव्हती. खंबीर मन तिथे कामाला आलं नाही. एक जॅकेट आलं असतं.

तुमचं मन दुबळं नाही, ताई. उलट्या होत असताना, बोटं सुजलेली असताना, तुम्हाला ‘जाऊ द्या ना मला’ म्हणायचं होतं, हे तुम्हीच लिहिलंय. पाच-सहा महिने दुखणारी नडगी घेऊन पहाटे पाचला बाहेर पडणारं मन आणखी खंबीर करून काय करायचंय? मला काळजी वाटते ती त्याच्या खंबीरपणाची. ते ऐकत नाही.

हे मन आलं कुठून, याचा मी बराच विचार केला. तुमच्या ग्रुपमध्ये बायकांना ‘हिरकणी’ म्हणतात, असं तुम्ही कौतुकाने लिहिलंत. हिरकणीची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. रायगडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हं भुकेलं होतं, म्हणून ती रात्री कडा उतरली. तिला कडा उतरायची हौस नव्हती. आपल्याकडे बाईच्या सोसण्याचं कौतुक होतं ते बहुतेक वेळा असंच, ते दुसऱ्या कुणासाठी असेल तर. ताप असताना डबे करणारी, पाय सुजले तरी लग्नघर उभं करणारी, उपास मोडायचा नाही म्हणून चक्कर येईपर्यंत राहणारी. तिला शाबासकी मिळते. तीच बाई स्वतःच्या आनंदासाठी पहाटे बूट बांधते तेव्हा तिला विचारलं जातं, कशासाठी?

या प्रश्नावर मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. पळायला कारण लागत नाही. आवडतं, हे कारण पुरे. बेचाळीस वर्षांच्या बाईने डोंगरात एकटीने पन्नास किलोमीटर जावं, यात कुणाचं काही देणं लागत नाही. पण मला असंही दिसतं की पळणं ही तुमची एकटीची, मोकळी जागा होती आणि घरातली ती जुनी सवय तुम्ही तिथेही घेऊन गेलात. दुखतंय तर बोलायचं नाही. भूक लागली तर मागे टाकायची. कुणी थांबवलं तर लाज वाटायची. तुमच्या मुलीने असं वागलेलं तुम्हाला चालेल का? तिची पाळी चार महिने थांबली, तर तुम्ही ‘वयामुळे असेल’ म्हणाल का? ती दहावीत आहे, घरात सगळं बघते आहे. आईने रात्रीचं ताट बाजूला सारलेलंही बघते आहे.

शर्यत अर्धवट सोडणं, धावणाऱ्यांच्या भाषेत डीएनएफ, याला तुमच्या ग्रुपमध्ये जेवढं वजन आहे तेवढं या खेळात खरोखर नाही. आल्प्समधल्या यूटीएमबी या शर्यतीत शामोनीहून निघून माँ ब्लाँला वळसा घालतात, 170 किलोमीटरहून जास्त अंतर आणि सुमारे 10,000 मीटर चढ. तिथे पात्रता मिळवूनच जाता येतं, आणि तरी साधारण एक तृतीयांश लोक दरवर्षी अर्ध्यावर थांबतात. अमेरिकेत टेनेसीच्या जंगलात बार्कली मॅरेथॉन होते. अनेक वर्षी ती पूर्ण करणारं कुणीच नसतं. जो थांबतो त्याच्यासाठी तिथे सगळ्यांसमोर बिगुल वाजवतात. स्कॉटलंडमध्ये राहणारी जॅस्मिन पॅरिस 2022 मध्ये तिथे गेली, पाचपैकी तीन फेऱ्या झाल्या. 2023 मध्ये चौथ्या फेरीत वेळ संपली. 2024 मध्ये साठ तासांची मुदत संपायला 99 सेकंद उरले असताना तिने पाचवी फेरी पूर्ण केली. ही शर्यत पूर्ण करणारी ती पहिली स्त्री. याच बाईने 2019 च्या जानेवारीत ब्रिटनमधली 268 मैलांची स्पाइन रेस पुरुषांसकट सगळ्यांना मागे टाकून 83 तास 12 मिनिटांत जिंकली होती. घरी तान्ही मुलगी होती, म्हणून वाटेतल्या थांब्यांवर ती दूध काढून ठेवत होती. मला तिच्या धैर्याइतकाच तिचा हा व्यवहारीपणा मोठा वाटतो. थांब्यावर शरीराला जे हवं ते तिने आधी दिलं आणि मग पुढे गेली.

मग डिसेंबरचं काय?

माझं मत स्पष्ट आहे: हा डिसेंबर नाही. घाटवाटांवरचे 100 किलोमीटर बहुतेकांना एक अख्खा दिवस आणि वर एक रात्र घेतात. झोप नाही, अंधारात खडकाळ उतार, आणि निर्णय घ्यायला दमलेला मेंदू. तुम्ही अजून 50 पूर्ण केलेले नाहीत, आणि जिथे थांबलात तिथे का थांबलात हे तुम्हाला आज कळतं आहे. नडगीत खरंच तडा असेल तर तो भरायला साधारण सहा ते आठ आठवडे, काही जागी त्याहूनही जास्त लागतात, आणि त्यानंतर चालणं-पळणं मिसळत परत यायचं असतं. आयोजकांचे नियम वाचा. नोंदणी पुढच्या वर्षी ढकलता येते का, कमी अंतरात बदलून मिळते का ते विचारा. पैसे गेले तर गेले.

पळणं सोडूनच द्या, असंही मी म्हणणार नाही. तुमच्या पत्रातल्या सगळ्यात जिवंत ओळी पावसाळ्यातल्या त्र्यंबकच्या रस्त्याबद्दल आहेत. त्या लिहिणाऱ्या बाईला घरी बसवून कुणाचंच भलं होणार नाही.

मला मधला एक मार्ग जास्त आवडतो. वेळेच्या शर्यती असतात, त्यात अंतर ठरलेलं नसतं, वेळ ठरलेला असतो. मुंबईत 15 ऑगस्टला दादरच्या शिवाजी पार्कपासून बारा तासांची धाव होते. दिलेल्या वेळात जेवढं होईल तेवढं तुमचं. चौथ्या तासाला थांबलात तरी झालेले किलोमीटर नावावर लागतात, अर्धवट असं काही राहत नाही. फेऱ्यांचा मार्ग असल्याने मदत कधी फार लांब नसते. ऑगस्टमधल्या मुंबईचा दमटपणा हा वेगळा पेपर आहे, तेव्हा तिथे वेग विसरून जायचा. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर, वर्षभराच्या सरावानंतर, अशी एखादी धाव करून पाहा. दमल्यावर आपण कसे वागतो, पोट कुठल्या तासाला रुसतं, काय खाल्लेलं चालतं, हे डोंगरात कळण्यापेक्षा तिथे कळलेलं बरं. त्यानंतरच्या हिवाळ्यात पुन्हा 50 आणि ते नीट झाले तर 100 चा विचार. लांबचा रस्ता वाटतो, पण या खेळात पन्नाशीतल्या बायका उत्तम पळतात. घाई फक्त नोंदणीच्या तारखेला आहे.

सरावाबद्दल थोडं, तुमच्यासाठी आणि याच वाटेवरच्या इतरांसाठी. 100 ची तयारी म्हणून एका दिवसात 70-80 किलोमीटर पळायची गरज नसते. शनिवारी लांब आणि रविवारी दमलेल्या पायांनी मध्यम, असे जोडदिवस जास्त शिकवतात. दर तीन-चार आठवड्यांनी एक हलका आठवडा घ्या आणि तो ग्रुपच्या दबावाखाली मोडू नका. चढ चालत चढा. डोंगरी शर्यतीत जवळजवळ सगळेच चालतात, त्यात कमीपणा नाही. खाण्याचाही सराव लागतो. तासाला साधारण 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एका मध्यम केळ्यात अंदाजे 25 ग्रॅम असतात. महागड्या जेलच्या पाकिटांवाचून अडत नाही. राजगिऱ्याची चिक्की, खजूर, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, गूळ घातलेलं कोकम सरबत, जे सरावात पचलं तेच शर्यतीत. नवरात्राचे किंवा एकादशीचे उपास करत असाल तर त्या दिवशी लांब पल्ला ठेवू नका. रात्रीचा सराव करावाच लागेल. तो दोघी-तिघींनी मिळून, हेडलॅम्प लावून, ओळखीच्या रस्त्यावर करा.

आणि थांबण्याचे नियम घरी, शांत डोक्याने, आधी कागदावर लिहा. तासभर पोटात काही टिकत नाही. प्रश्नांची उत्तरं गोंधळतात. दुखण्यामुळे चाल बदलली, लंगडायला लागले. छातीत दुखतं, भोवळ येते. लघवी कोलासारखी गडद झाली, तर शर्यत सोडून थेट रुग्णालय, कारण स्नायू मोडून त्यातली द्रव्यं मूत्रपिंडात अडकल्याची ती खूण असते. हा कागद बरोबरच्या माणसाकडे द्या आणि त्या दिवशीचा निर्णय त्याचा, असं आधीच कबूल करा. ज्या मेंदूला वार आठवत नाही त्याच्यावर हे काम टाकायचं नाही.

ते बरोबरचं माणूस कोण, यावरून तुमच्या नवऱ्याकडे येते. ‘कशासाठी’ या प्रश्नात हुकूम आहे की भीती, हे मला पत्रावरून कळत नाही. तुम्हाला कळायला हवं, आणि त्यासाठी त्यांना सगळं माहीत असायला हवं. त्यांनी तुम्हाला शर्यतीहून परत येताना पाहिलंय, पण एड स्टेशनवर काय झालं ते तुम्ही सांगितलेलं नाही. मग ते अंदाजाने घाबरणार आणि अंदाजाने विरोध करणार. नडगीचं सांगा, पाळीचं सांगा, डिसेंबरची नोंदणी केली होती आणि ती मागे घेते आहे हेही सांगा. परवानगी मागू नका, माहिती द्या. मग एखाद्या लांब सरावाला त्यांना स्कूटर घेऊन दर दहा किलोमीटरला उभं राहायला सांगा, हातात केळी आणि तो कागद. पुष्कळ नवऱ्यांचा विरोध त्यांना काहीतरी काम दिल्यावर मावळतो. नाहीच मावळला, तर त्यावर वेगळं बोलू. पण ते बोलणं लपवलेल्या गोष्टींवर उभं नसेल.

एक काम ग्रुपमध्येही करा, जमेल तेव्हा. 38व्या किलोमीटरला काय झालं ते लक्षणांसकट लिहून टाका: किती प्यायलात, कुठल्या गोळ्या घेतल्यात, बोटं केव्हा सुजली. येत्या हिवाळ्यात तुमच्यातली कुणीतरी पहिल्यांदा 50 ला उभी राहणार असेल आणि तिलाही ‘तहान लागायच्या आधी पी’ असंच सांगितलं जाईल. ‘चाळीस टक्के’ म्हणणाऱ्यांशी वाद घालत बसू नका, फक्त हे लिहा.

नडगीचा आणि रक्ताचा रिपोर्ट आला की मला कळवा. डिसेंबरच्या नोंदणीचं आयोजकांनी काय उत्तर दिलं, तेही लिहा.